गोळीच्या मधोमध

बटण बंद केल्यावर पंखा किती सेकंदांनी थांबतो, हे रसिकाला प्रत्येक वर्गाचं वेगवेगळं ठाऊक होतं. आठवी ‘अ’चा एकावन्न सेकंदांनी, ‘ब’चा अडतीस. याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर ती म्हणे, “उपयोग काही नाही. पण माहीत नसलं की खटकतं.”

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या आपल्याच जुन्या शाळेत विज्ञान शिकवायला आली, तेव्हा बरोबरच्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. पण तिचं ठरलेलं होतं. ते ठरलं होतं बारा वर्षांपूर्वी, याच शाळेत, निरुपमाबाईंच्या तासाला.

शाळा गुजराती, त्यामुळे सगळ्या शिक्षिका ‘बेन’. एकटी रसिका निरुपमाबेनना ‘बाई’ म्हणे. घरातली सवय, आणि बाईही बडोद्याच्याच मराठी घरातल्या, म्हणून त्यांनाही ते गोड वाटे. त्या दिवशी बाईंनी आठवीच्या टेबलावर दोरे, पितळी गोळ्या आणि एक घड्याळ ठेवलं आणि खुर्ची ओढून खिडकीशी बसल्या. “मी काही सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “लंबकाचा नियम तुम्ही शोधायचा.”

रसिकाने पंचवीस सेंटिमीटर दोऱ्याला गोळी बांधून वीस झोके मोजले. वीस पूर्णांक आठ सेकंद. मग दोरा चौपट केला. साडेचाळीस सेकंद. जवळजवळ दुप्पट, पण दुप्पट नाही, सेकंदभर कमी. तिने पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. बाकीच्या मुली “चालेल ने!” म्हणून मोकळ्या झाल्या. रसिका चार दिवस त्या एका सेकंदापायी जेवली नाही धड. पाचव्या दिवशी तिला आपल्या गोळीच्या कमरेवर लाल रंगाचा एक बारीक ठिपका दिसला. कुणाच्या तरी नखांचा रंग सांडला असावा. गोळी झुलताना ती त्या ठिपक्याकडे बघत राहिली आणि तिच्या मनात आलं, झोका घेतेय ती ही गोळी. मग लांबी गाठीपाशी का संपते? तिने लांबी ठिपक्यापर्यंत मोजली, दोरे त्या हिशेबाने पुन्हा कापले. चौपटीला बरोबर दुप्पट आलं. ती ओरडली होती, असं सगळे सांगतात. तिला आठवत नाही. वर्ष संपताना बाईंनी ती गोळी तिलाच बक्षीस दिली. घरी काचेच्या कपाटात, वडिलांना रिफायनरीतून निवृत्त होताना मिळालेल्या घड्याळाशेजारी, ती अजून होती.

नोकरीच्या मुलाखतीत शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष सुभानराव यांनी विचारलं, “शिक्षिकाच का व्हायचंय?” तेव्हा रसिकाने हीच हकिकत सांगितली होती. म्हातारबुवांनी चष्मा काढून पुसला होता. नोकरी त्या ठिपक्यावर मिळाली म्हणा ना.

यंदा बाईंनी मंडळापुढे मागणी ठेवली: जूनपासून सहावी ते आठवीचं सगळं विज्ञान असंच शिकवायचं. मुलं करतील, चुकतील, शोधतील; शिक्षक सांगणार नाही. त्यासाठी तळमजल्यावर नवी प्रयोगशाळा, आणि ती रसिका चालवेल. बाईंची वीस वर्षांची ही धडपड. निवृत्तीला त्यांना एक वर्ष उरलेलं.

विरोध केला तो जनार्दनसरांनी. सर सावली गावाहून रोज बसने यायचे, फळ्यावर ‘पायरी एक, पायरी दोन’ लिहून शिकवायचे, आणि त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. रसिकाच्या वर्गावरून जाताना ते दारात थांबून म्हणत, “काय रसिकाबेन, मांडवीचा बाजार आज लवकर भरला?”

“तुमच्या देवळात आज आरती किती वाजता, सर?” रसिकाही सोडत नसे.

मंडळापुढे मात्र ते चेष्टेत बोलले नाहीत. “पोराला पोहता येत नाही आणि तुम्ही तलावात ढकलून म्हणता, शोध. चार तरतील. बाकीच्यांचं काय? आधी दाखवून द्या, मग माझे वर्ग घ्या. मी बसेन ग्रंथालयात पुस्तकांना नंबर चिकटवत. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत.”

म्हणून तुलना करायचं ठरलं, आणि ती आखली रसिकाने. लंबक हा एकच धडा. ‘अ’ला जनार्दनसर पायरीपायरीने शिकवणार, ‘ब’ला रसिका काही न सांगता. तीन आठवडे, बारा तास, दोन्हीकडे तेवढेच. गोळ्या नव्या कोऱ्या, मांडवीतल्या एकाच दुकानातून आणलेल्या. प्रश्नपत्रिका रसिकाचा वर्गमित्र सलील काढणार. तो विद्यापीठात शिकवतो, शाळेशी त्याचं काही देणंघेणं नाही. पाकीट परीक्षेच्या वेळीच फुटेल. आणि एक नियम तिने ठळक लिहिला: ‘ब’च्या मुलांना कुणीही, कोणत्याही प्रकारे उत्तर सुचवायचं नाही. सापडलं नाही तर नाही सापडलं, असंच लिहायचं. खाली बाई, सर आणि रसिका, तिघांच्या सह्या.

जनार्दनसरांनी कागद न वाचताच सही केली. “वाचा तरी,” रसिका म्हणाली.

“तुम्ही लिहिलंय ना? मग झालं. तुमच्या शब्दावर करतो.”

दोन आठवडे ‘ब’ वर्ग जाम अडला. मुलांना वजनाने फरक पडत नाही हे सापडलं, झोका लहानमोठा केल्याने फारसा फरक पडत नाही हेही सापडलं, पण लांबीचा हिशेब काही केल्या जुळेना. तोच जुना सेकंद. आठही गट गाठीपर्यंतच मोजत होते. रसिकाला जिभेवर आलेलं गिळावं लागे. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिला ताप आला आणि दोन दिवस तिचा वर्ग बाईंनी सांभाळला. परत आली तर सानवी नावाची एक चुणचुणीत मुलगी दारातच नाचत होती. “बेन, मळी गयुं! सापडलं! आठेआठ गटांना!”

रसिकाला रडू फुटायचं बाकी राहिलं होतं. ते चार दिवस, तो ओरडा, सगळं तिला या बत्तीस मुलांच्या चेहऱ्यांवर दिसलं.

परीक्षा झाली. तिसातले सरासरी गुण: ‘अ’ अठरा पूर्णांक दोन, ‘ब’ साडेएकवीस. बाईंनी तिला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर जवळ घेतलं. जनार्दनसर उठून आले आणि म्हणाले, “मानलं, रसिकाबेन. ग्रंथालयाची किल्ली कुणाकडे असते?” हसले, पण त्या दिवशी चहाचा कप त्यांनी अर्धा ठेवला.

मंडळाची बैठक शनिवारी होती. गुरुवारी शाळा सुटल्यावर रसिका ‘ब’च्या गोळ्या मोजून डब्यात ठेवत होती. तीन आठवडे मुलांच्या घामट हातांनी पितळ काळवंडलं होतं. पण पहिल्या गोळीवर एका जागी मसुराएवढी जागा चकचकीत होती, कुणी घासून पुसल्यासारखी. दुसरीवरही. तिसरीवरही. तिने आठही ओळीने मांडल्या. आठहींवर होती. आणि सातव्या गोळीवर, त्या चकचकीत जागेच्या कडेला, लाल रंगाचा केसाएवढा चंद्रकोरीसारखा तुकडा राहून गेला होता.

तिने जाडी मोजायचा व्हर्नियर घेतला. गोळीचा व्यास पंचवीस मिलिमीटर. तुकड्याची उंची खालून साडेबारा. अपघाताने सांडलेला रंग कुठेही पडतो. आठ गोळ्यांवर, आठही वेळा, बरोबर मधोमध पडत नाही.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिने सानवीला बोलावलं. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून हळू विचारलं, “गोळ्यांवर लाल काय होतं ग?”

सानवीने आधी मागे बघितलं. “टपकां हतां, बेन. ठिपके. तुम्ही नव्हत्या ना, तेव्हा. निरुपमाबेननी लावून दिले आणि म्हणाल्या, बघा, लांबी कुठे संपते? मग आम्हाला कळलं.” थोडं थांबून म्हणाली, “मग त्यांनीच पुसले. तमने ना केवानुं कीधुं हतुं. तुम्हाला सांगायचं नाही, सरप्राइज म्हणून. आता तुम्ही रागावणार?”

“तुझ्यावर नाही,” रसिका म्हणाली.

दुपारी तिने उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या. लांबी कुठवर मोजायची, हा सहा गुणांचा शेवटचा प्रश्न तिने दोन्ही वर्गांतून वजा केला. ‘अ’ पंधरा पूर्णांक एक, ‘ब’ पंधरा पूर्णांक नऊ. आठ दशांशांचा फरक. एवढ्याशा मुलांत एवढा फरक वर्गात कोण पुढच्या बाकावर बसलं होतं यानेही पडू शकतो. म्हणजे तुलनेतून काहीच निघालं नव्हतं. तीन आठवडे, चौसष्ट मुलं, आणि हाती शून्य.

पण त्याआधी, गुरुवारी रात्रीच, एक गोष्ट झाली होती, जी तिने कुणाला सांगितली नव्हती. घरी जाऊन तिने काचेचं कपाट उघडलं होतं. पंख्याचे सेकंद मोजणाऱ्या रसिकाने बारा वर्षांत ही एक गोष्ट कधी मोजली नव्हती. शाळेतून पिशवीत टाकून आणलेला व्हर्नियर तिने गोळीला लावला. पंचवीस. ठिपका साडेबारावर.

शुक्रवारी संध्याकाळी बाई जुन्या प्रयोगशाळेत कपाटाच्या चाव्या लावत होत्या. रसिकाने सातवी गोळी त्यांच्यापुढे ठेवली. बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बघितलं, आणि आश्चर्याचं नाटक मात्र केलं नाही.

“एक राहिली म्हणायची,” त्या म्हणाल्या.

“का केलंत, बाई?”

“बघवेना मला. दोन आठवडे पोरं त्याच भिंतीवर डोकं आपटत होती. तू पण. तुझं तोंड एवढंसं झालं होतं.”

“अडणं म्हणजेच शिकणं, असं तुम्हीच म्हणायच्या.”

“म्हणायचे. म्हणावं लागतं, रसिका. मुलांना वाटायला हवं की कुणी सांगणार नाहीये. पण तसं खरोखर सोडून दिलं तर दहा वर्षांत एखादं पोर शोधेल. लपाछपीत कुणीतरी ‘थंड, गरम’ म्हणायला लागतं.”

“मग कागदावर सही कशाला केलीत?”

“कारण वीस वर्षांनी पहिल्यांदा ती खोली मिळणार होती. मिळतेय. तुला मिळतेय. माझं काय, मी जूनच्या पुढच्या जूनला घरी.”

रसिकाला विचारायचं नव्हतं तेच तिने विचारलं. “आणि माझी गोळी?”

बाई खुर्चीत बसल्या. तीच खुर्ची, खिडकीपाशीच. “दर वर्षी एखादी लावायचे,” त्या म्हणाल्या. “जिच्या डोळ्यांत दिसेल की ही सोडणार नाही, तिच्या गटाला द्यायची. तुझ्या गोळीवरचा ठिपका तुला चार दिवस दिसला नाही. मलाच घोर लागला होता.”

“अशा किती जणी?”

“मी मोजल्या नाहीत.”

“मी मोजल्या असत्या.”

“ते माहितेय मला.” बाई किंचित हसल्या. “अगं, ठिपका मी लावला. विचार तर तू केलास ना? बाकीच्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं असतं.”

हे खोटं नव्हतं. म्हणूनच रसिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. तेरा वर्षांची एक मुलगी आपल्या बुद्धीवर विश्वास ठेवायला शिकली होती, त्या विश्वासावर पुढची सगळी वर्षं उभी होती, आणि ही बाई खिडकीशी बसून ते सगळं बघत होती, एकदाही न सांगता. “नंतर तरी सांगायचंत,” ती म्हणाली. “एम.एस्सी. झाल्यावर. मी मुलाखतीत ती गोष्ट सांगितली तेव्हा तुम्ही तिथेच बसला होतात, बाई. मान हलवत होतात.”

“सांगितलं असतं तर तू आली असतीस इथे?”

खाली शाळेचा शिपाई फाटकाची साखळी वाजवत होता. रसिकाने गोळी उचलली. “उद्या मंडळाला सांगावं लागेल. निकाल बाद आहे. जनार्दनसरांनी माझ्या शब्दावर सही केलीय.”

“हो,” बाई म्हणाल्या. “मीच सांगते. माझ्या तोंडून जाऊ दे, रसिका. एवढं राहू दे मला.”

रसिकाने ते मान्य केलं. तिला वाटलं, एवढं तरी खरं असेल.

जनार्दनसर फाटकापाशी रिक्षाची वाट बघत होते. सावलीची बस साडेसहाला सुटायची. तिने त्यांना नावं न घेता एवढंच सांगितलं, की निकालात खोट निघालीय, ‘ब’ला कुणीतरी उत्तर सुचवलं, उद्या सगळं बाहेर येईल. तिला वाटलं, ते टोमणा मारतील. त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

“मी पण सांगतोच पोरांना उत्तर,” ते म्हणाले. “पण मी हात धरतो तेव्हा पोराला कळतं की हात धरलाय. मोठं होऊन ते सोडवून घेऊ शकतं. न दिसणारा हात कसा सोडवणार, रसिकाबेन?”

रिक्षा आली. चढता चढता ते म्हणाले, “कुणी सुचवलं ते मी विचारणार नाही. तुमचा चेहराच सांगतोय की तुम्ही नव्हे.”

शनिवारी दहाला कार्यालयात बैठक बसली. टेबलाच्या एका बाजूला सुभानराव आणि मंडळाच्या मंदाकिनीबेन. समोर तिघं शिक्षक. पेढ्यांचा एक खोका आधीच येऊन बसला होता. सुभानराव खुशीत होते. “चला, बोला. साडेएकवीस विरुद्ध अठरा. जनार्दनभाई, आता काही बोलायला जागा ठेवली नाही पोरीने.”

रसिकाने बाईंकडे बघितलं. बाईंनी साडीची घडी नीट केली.

“निकालात एक अडचण आहे,” रसिका म्हणाली, कारण कुणीतरी सुरुवात करायला हवी होती. “‘ब’च्या मुलांना शेवटच्या प्रश्नाचं उत्तर परीक्षेआधी सुचवलं गेलं होतं. तो प्रश्न काढला तर दोन्ही वर्ग जवळजवळ सारखे आहेत. हा निकाल वापरता येणार नाही.”

सुभानरावांचा हात खोक्यावरच राहिला. “सुचवलं? कुणी?”

रसिका थांबली. ही जागा बाईंची होती. तिने सवयीने मनात मोजायला सुरुवात केली. पाच. सहा. मंदाकिनीबेनचं पेन वाजलं. नऊ. दहा. अकराव्या सेकंदाला बाई बोलल्या.

“साहेब, मुलगी नवी आहे,” त्यांचा आवाज अगदी मऊ होता, आठवीच्या वर्गात असायचा तसाच. “मुलंही तिच्याच वर्गातली. उत्साहाच्या भरात जरा जास्त सांगितलं गेलं असेल. मुद्दाम नसेल केलं. पद्धतीचा त्यात दोष नाही. प्रयोगशाळेचं तेवढं थांबवू नये.”

जनार्दनसरांनी झटक्यात मान वळवली. रसिकाला मात्र आधी काहीच वाटलं नाही. हात भाजला की क्षणभर काही कळत नाही, तसं. मग तिच्या मनात आलं, की हे बाईंनी आत्ता ठरवलेलं नसावं. काल खिडकीपाशी “मीच सांगते” म्हणताना ठरवलं असेल किंवा नसेल. ते मोजायचं तिच्याजवळ साधन नव्हतं.

“खरं आहे का हे, बेटा?” सुभानराव म्हणाले. रागावून नव्हे, वाईट वाटून.

सानवीला बोलावता आलं असतं. तेरा वर्षांच्या मुलीला पाच मोठ्यांपुढे उभं करून तिच्या तोंडून तिच्या बेनचं नाव घेववायचं. रसिकाने ते मनातून लगेच काढून टाकलं. मग तिने पर्स उघडली. सातवी गोळी काढून टेबलावर ठेवली. ती घरंगळू नये म्हणून पेढ्यांच्या खोक्याला टेकवली. आणि तिच्या शेजारी दुसरी ठेवली, जुनी, गडद झालेली, कमरेवर लाल ठिपका असलेली. ती सकाळी का बरोबर घेतली, हे तिला निघताना कळलं नव्हतं.

“ही ‘ब’च्या वर्गातली,” ती म्हणाली. “आठही गोळ्यांवर मधोमध लाल ठिपका लावला होता. मी तापाने घरी होते त्या दोन दिवसांत. मग पुसला. ही कड राहिली. खालून साडेबारा मिलिमीटर.”

“आणि ही?” मंदाकिनीबेननी विचारलं.

“ही मला आठवीत असताना मिळाली होती. वर्गात, लंबकाच्या प्रयोगासाठी. वर्ष संपताना बक्षीस म्हणून. हिच्यावरचा ठिपकाही साडेबारावर आहे. मी परवा पहिल्यांदा मोजला.” तिने जुनी गोळी सुभानरावांपुढे सरकवली. “तेव्हा मी तेरा वर्षांची होते, साहेब. तेव्हा मी शिक्षिका नव्हते.”

सुभानरावांनी दोन्ही गोळ्या उचलल्या, जवळ धरून बघितल्या. त्यांना मुलाखत आठवत होती हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, आणि रसिकाला वाटलं, त्यांनी आता ते विचारू नये. त्यांनी विचारलं.

“म्हणजे तू सांगितलं होतंस ते… तो शोध…”

“माझा नव्हता,” रसिका म्हणाली.

जनार्दनसर खिडकीबाहेर बघत होते. जिंकल्यासारखे मुळीच दिसत नव्हते. मंदाकिनीबेननी वहीतली एक ओळ खोडली. बाईंनी हात लांब केला आणि सुभानरावांच्या हातातून गोळी घेतली. वर्गातली नव्हे, जुनी. अंगठ्याने ठिपका चाचपला. बाईंच्या नखांना आजही तसाच रंग होता, किंचित उडालेला. इतक्या वर्षांत रसिकाचं तिकडेही लक्ष गेलं नव्हतं.

“ही अजून आहे तुझ्याकडे?” बाईंनी हळूच विचारलं.

तासाची घंटा झाली. रसिका उठली. “होती,” ती म्हणाली आणि आठवी ‘ब’कडे निघाली.